माउंट नेबोचा वजनकाटा

लार्कसन गावाबाहेर कॅटफिशची तळी आहेत आणि तळ्यांच्या पलीकडे मासळीचा कारखाना. व्हर्लीन टब्जनं त्या कारखान्यात सव्वीस वर्षं काढली, त्यातली एकवीस वजनाच्या काट्यापाशी. माशाचे तुकडे पट्ट्यावरून यायचे, ती पेटी भरायची, काट्यावर ठेवायची आणि आकडा ओरडून सांगायची. लिहिणारी बाई दहा हातांवर बसायची आणि मधे कापायची यंत्रं कर्कश ओरडत असायची, त्यामुळे साध्या आवाजात बोलून भागत नसे. पुढं पुढं काटा नुसता नावाला राहिला. पेटी उचलली की तिला कळायचं, पंधरा पौंड भरले की नाही. पोरी पैजा लावायच्या आणि हरायच्या.

पण गावात तिचं नाव होतं ते हातामुळं नाही, तोंडामुळं. कारखान्यात युनियन उभी राहत होती तेव्हा कोणी कोणी सही केलीय हे व्हर्लीनला ठाऊक होतं. साहेबानं तिला दोनदा आत बोलावलं. एकदा गोडीत विचारलं, एकदा नोकरीची भीती घालून. दोन्ही वेळा ती म्हणाली, "साहेब, मला फक्त माशांचं वजन ठाऊक." आणि बाहेर येऊन पुढची पेटी भरायला लागली. तेव्हापासून लार्कसनमध्ये कोणाला काही मनातलं बोलायचं झालं तर लोक व्हर्लीनकडं जायचे. तिच्या पोटात गेलेली गोष्ट बाहेर येत नसे.

साठी आली आणि गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तिनं कारखाना सोडला. नवरा रूझवेल्ट त्याआधीच शुगरनं गेला होता. आधी पायाचा अंगठा गेला, मग पाऊल, मग तो. मुलगी मेम्फिसला. व्हर्लीनला उरलं होतं घर, परसातली भाजी आणि माउंट नेबो मिशनरी बॅप्टिस्ट चर्च.

त्या हिवाळ्यात माउंट नेबोमधून तीन बायकांच्या शवपेट्या निघाल्या. एक एकोणपन्नासची, एक बावन्नची, एक एकसष्टची. तिसऱ्या दफनानंतरच्या रविवारी पाळकसाहेब मेबरी व्यासपीठावर उभे राहिले. मग म्हणाले, "तिन्ही वेळा मी तुम्हाला सांगितलं की देवानं तिला बोलावलं. काल घरी जेवताना माझी बायको म्हणाली, देवानं कुठं, तळणीनं बोलावलं."

बायकांच्या बाजूनं दोन-चार आमेन आले. पुरुष आपापल्या बुटांकडं बघत राहिले.

ईस्टर झाल्यावर चर्चमध्ये बायकांची वजनं उतरवायचं काम सुरू झालं. ते अंगावर घेतलं डेलोइस पिट्सनं. डेलोइस आठवडाभर दवाखान्यात नर्स, आणि रविवारी चर्चमध्ये पांढरा गणवेश घालून उभी राहायची. गाताना कोणाच्या अंगात पवित्र आत्मा संचारला की तिला सावरायची, वारा घालायची. चर्चमधून असं काम चालवणाऱ्या विद्यापीठाच्या लोकांनी तिला चार दिवस शिकवलं, पुस्तिका दिल्या आणि एक उंच वजनकाटा दिला, दांडीवर वजनं सरकवायचा. सोळा आठवड्यांचा बेत होता. आधी बायबलचं वचन, मग जेवणाबद्दल दोन गोष्टी, मग जेवणघराच्या दालनात गोल गोल चालायचं, आणि त्याआधी प्रत्येकीचं वजन.

पहिल्या शुक्रवारी चारच बायका आल्या. डेलोइस हिरमुसली. व्हर्लीननं तिला बाजूला घेतलं.

"शुक्रवार कोणी ठरवला?"

"विद्यापीठाच्या लोकांनी. का गं?"

"अगं, गुरुवारी तीन तास खुर्चीत बसून, तापल्या कंगव्यानं कान भाजून घेऊन बाई रविवारसाठी केस सरळ करून घेते. आणि शुक्रवारी तू तिचा घाम काढून ते परत कुरळे करणार? येईल कोण?"

वार बदलून मंगळवार केला आणि एकतीस बायका आल्या.

आता वजन कोणी करायचं हा प्रश्न आला. डेलोइस नको, सगळ्यांचं एकमत. दवाखान्यात तिला निम्म्या गावाची शुगर आणि रक्तदाब ठाऊक होताच, आणखी कशाला. कोणीतरी म्हणालं, व्हर्लीन आहे की. जन्मभर काट्यापाशीच उभी राहिलीय, आणि तोंडाला कुलूप. व्हर्लीन लाजली, पण मनातून तिला बरं वाटलं. कारखाना सुटल्यापासून तिला कोणी कुठल्या कामासाठी बोलावलं नव्हतं.

गायकवृंदाचे झगे टांगायची एक खोली होती, तिथं काटा ठेवला. खोलीला दार नव्हतं, जाड पडदा होता. बाहेर बाक. एकेकीनं आत यायचं. व्हर्लीन आधी बूट काढायला लावायची, मग कानातलं.

"विगपण काढू?" एकीनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"काढ. अर्धा पौंड तरी असेल."

"आणि दात?"

"ते राहू देत. ते तुझे स्वतःचे झालेत आता."

हसत हसत बायका काट्यावर चढायच्या. व्हर्लीन वजनं सरकवायची, दांडी स्थिर झाली की आकडा वहीत लिहायची आणि तिच्या कानाशी वाकून कुजबुजायची. आकडा तिचा आणि हिचा, तिसऱ्याचा नाही. वही ती घरी नेऊन पावाच्या डब्यात ठेवायची.

एक गोष्ट तिला फार भावली. एखादी पडद्याआड गेली की बाहेर बाकावरच्या बायका गायला लागायच्या. जुनं, संथ गाणं, कोणीतरी सुरू करायची आणि बाकीच्या धरायच्या. आतली बाहेर आली की गाणं थांबायचं, दुसरी आत गेली की पुन्हा सुरू. व्हर्लीननं मेम्फिसला मुलीला फोनवर सांगितलं, "अगं, काय श्रद्धा आहे बायकांची. वजन करायलासुद्धा देवाचं नाव घेऊन येतात."

क्लिओथा ग्रिग्ज मात्र कोणाबरोबर येत नसे. ती शाळेची बस चालवायची आणि गायकवृंदात खालचा सूर गायची. अंगानं सगळ्यांत मोठी. व्हर्लीन आणि ती लहानपणी शेजारशेजारच्या ओळीत कापूस खुरपायच्या, एका डब्यातलं पाणी प्यायच्या. क्लिओथा सगळ्या गेल्यावर शेवटी पडद्याआड यायची. पहिल्या आठवड्याला काट्यावर चढण्याआधी तिनं डोळे मिटले होते. तीनशे अकरा. व्हर्लीननं कानात सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं. आता निदान ठाऊक झालं."

पाचव्या आठवड्याला क्लिओथाला संध्याकाळी शाळेचा संघ सामन्याला न्यायचा होता, म्हणून ती सुरुवातीलाच आली. बाकावर तेव्हा एकटीच होती, मॉझेल हॅरल्सन, ऑर्गनवाल्याची बायको. मॉझेल बाई वाईट नव्हती, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. आत दांडी हलून स्थिर झाली. व्हर्लीनला इतका आनंद झाला की तिनं आकडा दोनदा सांगितला. "तीनशे सहा. अगं, तीनशे अकरावरून तीनशे सहा."

दुसऱ्या दिवशी गाण्याच्या तालमीला मॉझेल सगळ्यांसमोर म्हणाली, "क्लिओथा, पाच पौंड गेले ना गं? छान झालं. तीनशे अकरातून पाच म्हणजे समुद्रातून तांब्याभर, पण सुरुवात तर झाली."

वरच्या सुरात गाणाऱ्या दोघी-तिघी हसल्या. क्लिओथानं गाण्यांचं पुस्तक मिटलं, खुर्चीवर ठेवलं आणि ती घरी गेली. त्या दिवसापासून ती तालमीला आली नाही आणि मंगळवारीही नाही.

रविवारच्या प्रार्थनेला आली, मागच्या बाकावर बसली. बाहेर पडताना दारात व्हर्लीनशी गाठ पडली. चर्चच्या बायका एकमेकींना म्हणतात तसं व्हर्लीन म्हणाली, "कशी आहेस, सिस्टर?" दारात गर्दी होती, पोरांचा कलकलाट होता. क्लिओथाचे ओठ हलले. व्हर्लीनला वाटलं, बरी आहे म्हणाली. ती हसली आणि तिच्या दंडावर थोपटलं. क्लिओथानं दंड झटकून घेतला.

पुढच्या मंगळवारी सव्वीस बायका आल्या, त्याच्या पुढच्या मंगळवारी एकोणीस. ज्या आल्या त्या व्हर्लीनशी हसून बोलेनात. शेवटी वाणसामानाच्या दुकानात एका म्हातारीनं तिला तोंडावर सांगितलं, मोठ्यानं, "क्लिओथाचा आकडा मॉझेलपाशी तू फोडलास म्हणतात. मला खरं वाटत नाही. पण म्हणतात."

व्हर्लीन सामान तिथंच टाकून घरी आली. साहेबानं नोकरीची भीती घातली तेव्हा जे तोंड उघडलं नव्हतं, ते आता कोणाच्या पौंडांसाठी उघडेल? आकडा बाहेर गेला होता हे तर खरं, आणि क्लिओथा सोडली तर तो दोन ठिकाणीच होता, व्हर्लीनच्या डोक्यात आणि वहीत. म्हणजे वही कोणीतरी पाहिली. वहीच्या जवळपास येणारी एकच बाई होती. व्हर्लीनला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, ती तासभर आधी चर्चमध्ये गेली. डेलोइस खुर्च्या सरकवत होती.

"माझी वही तू कधी उघडलीस?" व्हर्लीननं विचारलं.

"कुठली वही?"

"सोंग नको आणूस. क्लिओथाचा आकडा तू वाचलास आणि मॉझेलला सांगितलास. दवाखान्यात लोकांचे कागद चाळायची सवय लागलीय तुला."

डेलोइसनं खुर्ची खाली ठेवली. ती रागावेल असं व्हर्लीनला वाटलं होतं. पण ती खुर्चीवर बसली आणि शेजारची खुर्ची तिनं ओढली.

"बस, व्हर्लीन."

"मला बसायचं नाही."

"बस गं. मी वही कधी बघितली नाही. मला गरजच पडली नाही. बाकावर बसलं की सगळं ऐकू येतं."

"काय ऐकू येतं?"

"तू."

"मी तर कुजबुजते. कानाशी तोंड नेऊन."

"बाई, तुझी कुजबुज पार्किंगमध्ये ऐकू जाते."

डेलोइसनं तिचा हात धरला आणि तोंड तिच्या समोर आणून सावकाश सांगितलं. कारखान्यातून निवृत्त झालेल्या निम्म्या बायकांना कमी ऐकू येतं. दवाखान्यात ती रोज बघते. यंत्रांनी कान खाल्लेत. ज्याचे कान जातात त्याला आपला आवाज चढलाय हे कळत नाही.

"पहिल्याच दिवशी आम्हाला कळलं," डेलोइस म्हणाली. "सिस्टर आयव्होरीचा आकडा आम्ही सगळ्यांनी ऐकला. तिलाही कळलं की आम्ही ऐकला. मग दुसरी आत गेली तेव्हा आयव्होरीनंच गाणं सुरू केलं. आम्ही धरलं. तेव्हापासून गातोय."

"माझ्यावर पांघरूण घालायला?"

"आकड्यांवर. आणि तुझ्यावरही, आता विचारतेसच तर."

"मला का नाही सांगितलं कोणी?"

"कोणी सांगायचं? तुझा चेहरा बघितलास का तू त्या खोलीत? रूझवेल्ट गेल्यापासून एवढी खुशीत नव्हतीस. त्या दिवशी मॉझेल एकटीच होती बाकावर. तिला गायचं सुचलं नाही."

व्हर्लीन उठली. "तुला जे बोलले ते—"

"ते राहू दे."

"राहू कसं देऊ. चुकले मी. माफ कर." एवढं म्हणून ती गाडीत जाऊन बसली. किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली की नाही हे इंजिनाच्या थरथरीवरून कळावं म्हणून तिनं हाताचा तळवा स्टिअरिंगवर ठेवला. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की हे ती कितीतरी वर्षं करतेय.

त्या मंगळवारी काट्यापाशी कोणी नव्हतं. बायका वजन न करताच चालल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्लीन क्लिओथाकडं गेली. शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, बस बंद होती. क्लिओथा गाडीच्या शेडखाली टोपलीभर चवळीच्या शेंगा घेऊन सोलत बसली होती. तिनं वर बघितलं आणि पुन्हा शेंगांकडं बघायला लागली. व्हर्लीन उन्हातच उभी राहिली.

"आकडा माझ्याच तोंडून गेला," ती म्हणाली. "मी फोडला नाही, पण गेला माझ्यामुळंच. मला ऐकू येत नाही, क्लिओथा. मी ओरडत होते आणि मला वाटत होतं कुजबुजतेय. कालपर्यंत मला ठाऊक नव्हतं."

क्लिओथानं दोन-तीन शेंगा सोलल्या. मग मान वर केली आणि मोठ्यानं म्हणाली, "मी त्या रविवारी दारात तुला काय म्हटलं?"

"बरी आहे म्हणालीस ना?"

"मी म्हटलं, तू मला मेल्याहून मेल्यासारखं केलंस. आणि तू हसलीस. वर दंड थोपटलास."

व्हर्लीननं तोंडावर हात ठेवला.

"पंधरा दिवस मी झोपले नाही," क्लिओथा म्हणाली. "आकड्याचं काय, आकडा आहे तो आहे. आरसा आहे की घरात. पण तू हसलीस."

"मला ऐकू आलं नव्हतं गं."

"ते आता कळलं." क्लिओथानं पायानं दुसरी खुर्ची पुढं सरकवली. "उन्हात उभी राहू नकोस, चक्कर येऊन पडलीस तर तुला उचलणार कोण? बस. हात रिकामे कशाला, शेंगा घे."

दोघी सोलत बसल्या. टोपली निम्मी झाली तेव्हा क्लिओथा म्हणाली, "एक सांग. सगळ्या चर्चचं वजन तुझ्या वहीत. तुझं कुठल्या पानावर आहे?"

व्हर्लीननं पुढची शेंग उचलली. ती काट्यावर एकदाही चढली नव्हती. आपण तर काम करणारे, असं ती स्वतःला सांगत आली होती.

"वाटलंच मला," क्लिओथा म्हणाली.

"तू करशील माझं?"

"मी?"

"दुसऱ्या कोणाकडून नाही करून घेणार."

पुढच्या मंगळवारी क्लिओथा आली. बाकावर चौदाजणी होत्या, मॉझेलसुद्धा. क्लिओथा कोणाशी न बोलता पडद्याआड गेली, मागोमाग व्हर्लीन. बाकावर आयव्होरीनं गाणं सुरू केलं.

"ए, गाणं थांबवा," आतून क्लिओथाचा आवाज आला. गाणं थांबलं.

"बूट काढ," क्लिओथा व्हर्लीनला म्हणाली. "कानातलं काढ. कमरेचा पट्टा काय वजन कमी दाखवायला ठेवलास?"

"पट्ट्यानं वजन वाढतं."

"मग काढ लवकर."

व्हर्लीन चढली. एकवीस वर्षांत हजारो पेट्या तिनं काट्यावर ठेवल्या होत्या, पण स्वतः कधी उभी राहिली नव्हती. पायाखालची पत्र्याची फळी थोडी हलली. क्लिओथानं वजनं सरकवली, पुढं नेली, मागं आणली, पुन्हा पुढं. तिला त्याची सवय नव्हती. मग तिनं छाती भरून श्वास घेतला आणि बस चालवताना मागच्या रांगेतल्या पोरांना दम देते त्या आवाजात म्हणाली, "दोनशे सदतीस."

"हे मला ऐकू आलं," व्हर्लीन म्हणाली.

बाकावर कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळ्याच हसायला लागल्या. पडद्याच्या आतल्या दोघीही हसल्या. मॉझेल तेवढी हसली नाही. ती उठून पडद्यापाशी आली आणि म्हणाली, "क्लिओथा, माझे एकशे ब्याण्णव. सांगून ठेवते." क्लिओथानं पडद्याबाहेर डोकं काढून तिच्याकडं बघितलं. "तुला कोणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली, पण आवाजात धार नव्हती. बुधवारी ती तालमीला गेली.

त्यानंतर आकडा बोलून सांगायचं बंद झालं. व्हर्लीन पाटीवर खडूनं लिहायची, बाईला दाखवायची आणि पुसायची. गेलेल्या बऱ्याच बायका परत आल्या, पाचजणी नाही आल्या. सोळा आठवडे संपले तेव्हा एकूण सव्वीस होत्या. विद्यापीठाच्या लोकांनी येऊन मोजदाद केली. कोणाचे दहा-बारा पौंड गेले होते, कोणाचे दोन, तिघींचे वाढले होते. आयव्होरीची शुगरची गोळी निम्मी झाली. विद्यापीठाचे लोक काटा ठेवून गेले, पुस्तिका संपल्या, पण मंगळवार चालू राहिला.

जेवणाची भांडणं मात्र मिटली नाहीत. पालेभाजीत डुकराच्या मांसाऐवजी टर्की पक्ष्याचं मांस घालायचं यावर चर्चच्या स्वयंपाकघरात दोन तट पडले ते अजून आहेत. चर्चच्या वार्षिक मेळाव्याला मासे तळलेच जातात, आणि पाळकसाहेब दोनदा वाढून घेतात. त्यांची बायको बघत असते.

डेलोइसनं व्हर्लीनला शहरात नेऊन तिचे कान तपासून घेतले. कानाचं यंत्र यायला नोव्हेंबर उजाडला. पहिल्या रविवारी ते लावून ती चर्चमध्ये बसली आणि प्रवचनाच्या मध्यावर काढून पिशवीत टाकलं. क्लिओथानं नंतर विचारलं तर म्हणाली, "पाळकसाहेब एवढं ओरडतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं." हळूहळू सवय झाली. परसातल्या पाखरांचं तिला नवल वाटलं. फ्रीज गुणगुणतो याचा तिला राग यायचा.

पुढच्या वसंतात क्लिओथा दोनशे त्र्याऐंशीवर होती आणि व्हर्लीन दोनशे अठ्ठावीसवर. मधे नाताळात दोघींचं वाढलं, मग उतरलं. बस निघायच्या आधी, सकाळी सहाला, दोघी शाळेच्या मैदानाभोवती चालतात. क्लिओथा सावकाश चालते आणि बोलत चालते. व्हर्लीन भरभर पुढं जाते, मग वळणावर थांबून तिची वाट बघते. क्लिओथा जवळ आली की म्हणते, "पळून कुठं जाणारेस, मैदान गोल आहे," आणि दोघी पुढच्या फेरीला लागतात.